गच्चीवरचं कमळ: दोन टबांची वही

३ फेब्रुवारी २०२४, सातारा

नववीच्या प्रकल्पवह्या तपासताना दरवर्षी माझा एक शेरा ठरलेला: "निरीक्षणे एका बैठकीत लिहिलेली दिसतात." परवा एका मुलीने मान वर न करता विचारलं, "बाई, तुम्ही कधी अशी वही लिहिली का?" म्हणून ही वही.

उद्देश: गच्चीवर कमळ वाढवणे. घरात जाहीर केलेला उद्देश: आईंना लक्ष्मीपूजनाला घरचं कमळ देणे. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे, म्हणजे नऊ महिने हातात आहेत.

आई म्हणजे सासूबाई. माहेर मालवण तालुक्यातलं, देवळामागच्या तळीत कमळं असलेलं. साताऱ्यात पन्नास वर्षं काढली तरी चिडल्या की मालवणीवर येतात. माझा बेत ऐकून म्हणाल्या, "कमळ म्हणजे काय तुळस आसा गो, कुंडीत लावूक?"

४ फेब्रुवारी

बियांपासून सुरुवात. पूजासाहित्याच्या दुकानात कमळगट्ट्याची माळ मिळाली, एकशे आठ मण्यांची. घरी आणून सुटी केली तेव्हा कळलं की प्रत्येक बी आरपार भोसकलेली. दोरा ओवायला भोक पाडतात ते नेमकं आतल्या हिरव्या कोंबाच्या वाटेतून जातं. जपाला उत्तम, पेरायला शून्य. माळ आईंना दिली.

मग काष्ठौषधींच्या दुकानात गेले. तिथे सुटे कमळगट्टे मिळाले, १२ घेतले. दुकानदाराने "मखाणे याचेच होतात ना?" असं मलाच विचारलं. नाही. मखाणा वेगळ्याच पाणवनस्पतीच्या बियांचा होतो, तिच्या पानांवरसुद्धा काटे असतात. कमळाची बी भाजली तरी तशी फुलत नाही.

बारा बिया पाण्यात टाकल्या. चार तरंगल्या, त्या बाद. राहिल्या आठ.

५ फेब्रुवारी

कमळाचं बी नुसतं भिजत घातलं तर महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. कवच पाणी आत जाऊच देत नाही. या कवचाची ख्याती मोठी आहे. जपानात चिबा इथे १९५१ साली इचिरो ओगा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुरातन दलदलीच्या थरातून कमळाच्या बिया काढल्या. त्यांचं वय सुमारे दोन हजार वर्षं मानलं जातं. त्यातली एक रुजली आणि १९५२च्या जुलैमध्ये तिला फूल आलं. चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळातलं बी तर कार्बन पद्धतीने वय मोजून जवळजवळ तेराशे वर्षांचं निघालं, आणि तेही रुजलं.

मला तेराशे वर्षं थांबायचं नाही. बी पकडीत धरून टोकाच्या विरुद्ध बाजूला, जिथे बारीक खळगा असतो तिथे, पॉलिश पेपरवर घासलं. आधी काळपट भुकटी पडते, मग तपकिरी, आणि मग फिकट साईच्या रंगाचा ठिपका दिसतो. तिथे हात थांबवायचा. माझा दोनदा थांबला नाही.

काचेच्या ग्लासात कोमट पाणी घातलं. रात्री पारा १४ वर येतोय, म्हणून ग्लास टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवला. तो कायम गरम असतो. नवऱ्याने मालिका बघताना समोर ग्लास दिसतो अशी तक्रार नोंदवली.

७ फेब्रुवारी

आठही बिया फुगून जवळपास दुप्पट. पाणी दुधी आणि वास मारणारं, रोज बदलतेय. जास्त घासलेल्या दोन बियांचा गर बाहेर येऊन लगदा झाला. फेकल्या. राहिल्या सहा.

११ फेब्रुवारी

पाच बियांची टोकं उकलली. आतून गर्द हिरवा आकडा बाहेर. कंदील, मोदक असं काहीही म्हणता येईल, पण मला तो वर्गात हात वर करावा की नाही या विचारात असलेल्या मुलासारखा वाटला. सहावी बी ढिम्म.

२० फेब्रुवारी

दोऱ्याएवढ्या बारीक देठावर रुपयाएवढी पानं, सपाट, पाण्यावर टेकलेली. प्रत्येक रोपाला दोन-तीन. मुळांचा अजून पत्ता नाही. आधी पानं, मग मुळं, असा उलटा कारभार. तोवर बीच्या शिदोरीवर चाललंय.

दरम्यान एका नर्सरीतून "तयार कमळ" म्हणून एक कुंडीही आणली होती. पानाला कडेपासून देठापर्यंत काप आहे, म्हणजे ती लिली. कमळाचं पान अखंड गोल असतं आणि देठ खाली मधोमध चिकटतो, छत्रीच्या दांडीसारखा. लिलीचं पान पाण्यावरच पडून राहतं, कमळाचं पुढे पाणी सोडून उभं राहतं. आपल्याकडे दोघींना सर्रास कमळ म्हणतात. शिवाय आमच्या कास पठारावर कुमुदिनीचं तळं म्हणून जे दाखवतात, त्यातली इवलीशी झालरवाली पांढरी फुलं ही तिसरीच वनस्पती.

मुलांना हे सांगितलं की मजा येते: दिसायला सारखी असली तरी लिली कमळाची बहीण नाही. डीएनए तपासल्यावर कमळाच्या जवळच्या नातेवाइकांत निघाला तो काश्मीरचा चिनार. एक चिखलात, एक डोंगरात.

लिली खालच्या अंगणात ठेवली. तिचा या वहीशी संबंध नाही.

२६ फेब्रुवारी

बियांच्या रोपाला बहुधा पहिल्या वर्षी फूल येत नाही, आणि आईवडिलांसारखं येईल याचीही खात्री नसते. उद्देशात १ नोव्हेंबर लिहून बसल्यामुळे कंदही मागवले होते. केरळात घरच्या घरी कमळं वाढवून कंद विकणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, त्यातल्या एकीकडून दोन आले. ओल्या शेवाळात गुंडाळून, वर कागद, वर डबा. तिने इतक्या मायेने बांधलेलं पुडकं मी कात्रीने उघडलं आणि एका कंदाचं टोक उडवलं.

कमळाच्या कंदात सगळा जीव त्या टोकात असतो. कोवळं, पांढरट-गुलाबी, पेन्सिलीच्या टोकासारखं. ते मोडलं की उरते ती भाजी. बाजारात कमळकाकडी म्हणून मिळते तीच ही, फक्त बारीक. मोडका कंदही लावून बघणार आहे, आशा नाही.

टब: दोन, काळे, गोल, बुडाला भोक नसलेले. व्यास ६० सेंटीमीटर, उंची ३५. गोलच हवा, कारण खोड चिखलात आडवं पळतं आणि कडेकडेने वळत जातं. चौकोनी टबात टोक कोपऱ्यात जाऊन अडकतं.

वजनाचा हिशेब मांडला. टब काठोकाठ भरला तर ९९ लिटर. त्यात १५ सेंटीमीटर ओली माती आणि वर तेवढंच पाणी धरलं तरी एका टबाचं वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं. दोन्ही टब खाली भिंत आणि बीम असलेल्या कडेला ठेवले. मधोमध ठेवू दिले नसतेच, नवरा मोजपट्टी घेऊन उभा होता.

माती: एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कृष्णाकाठच्या रानातला पोयटा दोन पोती दिला. मूठ वळली तर बोटांचे ठसे राहतात, अशी. नर्सरीतली तयार माती आधी वापरून बघितली होती. त्यातला कोकोपीट दहा मिनिटांत वर आला आणि टबाचं ओल्या चहापत्तीचं पातेलं झालं.

तळाशी शेणखताचा चार बोटं थर, वर पोयटा. कंद आडवा, टोक किंचित वर. टब १: कंद. टब २: बियांची पाच रोपं, मुळं फुटली की.

१० मार्च

वाईट नोंद.

रोपं ३ तारखेला टब २ मध्ये लावली. आज दोन्ही टबांतलं पाणी शाईसारखं आहे. बुडबुडे येताहेत, वास कुजक्या अंड्याचा. हायड्रोजन सल्फाइड, आठवीच्या पुस्तकाबाहेर इतक्या जवळून पहिल्यांदाच. ज्याला मी कुजलेलं शेणखत समजत होते ते वरून कोरडं आणि आतून कच्चं होतं. पाण्याखाली हवा नाही, मग ज्या जिवाणूंना हवा लागत नाही त्यांचं राज्य सुरू.

पाचपैकी तीन रोपं विरघळली. मोडका कंद हाताला लागताच पिचला. धडका कंद मात्र काळवंडलेला असूनही टोक शाबूत.

आई शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन वास घेऊन परत गेल्या. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाल्या, "आमच्या तळीत कोण शेण घाली नाय. तेका चिखल व्हयो."

११ मार्च

शाळेतून अर्धी रजा. दोन्ही टब रिकामे, धुऊन पुन्हा नुसता पोयटा. खत अजिबात नाही. शेणखत शेवग्याच्या बुडाशी गेलं, शेवगा खूश होईल. पाठ गेली.

९ एप्रिल, गुढीपाडवा

टब १: तरंगती पानं ७, सगळ्यात मोठं २२ सेंटीमीटर. टब २: दोन रोपं, पानं ५, तळहातापेक्षा लहान.

शेवाळ फार. हिरव्या केसांच्या जटा. पाण्यावर सावली करायला पुरेशी पानं नाहीत तोवर ऊन शेवाळाचं. काडीला गुंडाळून काढते, शेवयांसारखं येतं. काढताना एक कोवळं पान तोडलं.

पाणी रोज एक सेंटीमीटर उतरतंय. प्लास्टिकची पट्टी टबाच्या आत चिकटवली आहे. एका टबाला त्या हिशेबाने पावणेतीन लिटर. दुपारी दोनला पाणी ३८ अंश भरलं, म्हणून टबांना बाहेरून गोणपाट गुंडाळलं. ओलं केलं की तीन अंशांचा फरक पडतो.

ओळखीच्या एकाच्या हौदातून दहा गप्पी मासे आणले, टब १ मध्ये सहा, टब २ मध्ये चार. उघडं साचलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण आणि पावसाळ्यात तपासणीला येणाऱ्या ताईंना उत्तर द्यावं लागतं. माशांनी दोन दिवसांत अळ्यांचा फडशा पाडला.

२८ एप्रिल

टब १ मध्ये पहिलं उभं पान! आलं तेव्हा दोन्ही कडांनी आत गुंडाळलेलं होतं, सुरळीसारखं. पाण्याबाहेर २५ सेंटीमीटर. देठ खरखरीत, बारीक काट्यांचा.

त्यावर पाणी ओतून बघण्यात अर्धा तास गेला. पारा घरंगळतो तसं घरंगळतं. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे कण. थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही, तो गोल होतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट यांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली उलगडलं. आज स्वतःच स्वच्छ होणारे भिंतींचे रंग निघाले ते याच युक्तीवर. आपल्या संतकवींना सूक्ष्मदर्शकाशिवायच दिसलं होतं, पण ते शाळेत सांगितलं की मुलं जांभई देतात, थेंब दाखवला की देत नाहीत.

उभं पान आलं म्हणजे आता खत चालेल. डीएपीचे १० दाणे चिखलाच्या गोळीत घालून, गोळी सुकवून, टबाच्या कडेला मातीत खोल दाबली. पाण्यात विरघळलं तर ते शेवाळाला मिळतं. दोन गोळ्या, महिन्यातून एकदा. फक्त टब १.

८ मे

काल मतदान झालं. दोन दिवस निवडणुकीच्या ड्यूटीवर, मुक्काम केंद्रावरच. परत येऊन शाई लागलेल्या बोटांनीच पाणी भरलं. उभी पानं ३.

१९ मे

देठांवर काळा मावा, तिळाची चिक्की दिसावी इतका दाट. इतर झाडांना करते तेच केलं, भांड्याच्या साबणाचं पाणी फवारलं.

२१ मे

मावा मेला. त्याबरोबर टब १ मधले सहापैकी पाच मासेही मेले. शिवाय ज्या पानांवर साबण बसला त्यांच्यावर आता पाणी मोत्यासारखं थांबत नाही, साध्या पानासारखं पसरतं. साबणाने मेण धुऊन नेलं. दोन पानं ओली राहून डागाळली.

तीन आठवड्यांपूर्वी याच वहीत मेणाच्या कणांवर अर्धं पान लिहिलंय मी. विज्ञानाच्या बाई!

पाणी निम्मं काढून नवं भरलं. मावा परत आला तर पाइपचा बारीक फवारा आणि चिमटीत चिरडणं, एवढंच.

२ जून

डागाळलेलं एक पान कापलं. देठ पाण्याच्या वरच कापायचा. आत लांब पोकळ नळ्या असतात, पानातली हवा त्यांतून खाली चिखलातल्या कंदापर्यंत जाते. पाण्याखाली कापला तर त्याच नळ्यांतून पाणी आत शिरतं आणि कुजायला सुरुवात होते.

कापलेलं पान शेजारच्या पोरांना दिलं. पानाचा मधला भाग बादलीत बुडवून देठाच्या टोकातून फुंकलं की पानाच्या मध्यातून बुडबुडे येतात. दोन तास गच्ची दणाणली. देठ मोडला की आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात, तेही लांबवून बघितले. आई वर येऊन खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी देठाचे एक-एक पेर असं मोडत नेलं की तंतूला लटकत हिरव्या मण्यांचा हार तयार झाला. "आमी गळ्यात घालू," म्हणाल्या. मोडलेला देठ हातात धरून बराच वेळ बसल्या.

९ जून

पाऊस सुरू. शाळा उघडायच्या आत गच्ची आवरू म्हणून वर गेले आणि उतरताना पाय मुरगळला. डॉक्टरांनी दोन आठवडे जिना बंद केला. टब नवऱ्याच्या हवाली. सूचना एकच: पट्टीच्या खुणेखाली गेलं तर पाणी घाल, बाकी कशाला हात लावू नकोस. तो म्हणाला, लावणारही नव्हतो.

२२ जून

चौदा दिवसांनी वर. उभी पानं ९, सगळ्यात उंच ७० सेंटीमीटर. पाऊस भरून वाहिल्यामुळे शेवाळ जवळजवळ गेलं. आणि एका नव्या पानाच्या देठाशेजारी, त्याच पेरातून, एक कळी. बोराएवढी, हिरवट, टोकाला गुलाबी.

नवरा म्हणतो, ही चार दिवस दिसतेय, मला पानच वाटलं. पान सुरळीसारखं असतं, कळी दिव्याच्या ज्योतीसारखी. वेगळं दिसतं. पण जाऊ दे, ज्याने चौदा दिवस काही केलं नाही त्याच्याच हातून कळी आली.

वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर टब २ मधला एक मासा पन्हाळीत गेला. काठापासून पाच सेंटीमीटर खाली भोक पाडून त्याला मच्छरदाणीची जाळी बांधली.

५ जुलै

कळी आंब्याएवढी, पायरी आंब्याच्या कोयीसारखी निमुळती. देठ पानांच्या वर गेला. रोज मोजते. आई रोज विचारतात, "आज?"

१२ जुलै

आज. सकाळी सहाला गेले तेव्हा पाकळ्या वाटीइतक्या उघडल्या होत्या. गुलाबी, कडेला गडद. वास हलका, बडीशेप आणि ओली माती यांच्या मधला. मध्ये पिवळा शंकू, त्यावर बारीक टिपके, आणि भोवती पुंकेसरांची झालर अजून मिटलेली.

कोविडच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक घरात पडून होती, तिच्यात वस्तूचं तापमान मोजायची सोय आहे. हवा २२ अंश. पान २१. फुलाच्या आत धरली: ३१. तीनदा मोजलं. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या बागेत सेमूर आणि शुल्ट्झ-मोटेल यांनी हेच मोजून १९९६ मध्ये छापलं: बाहेर हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी फूल स्वतःला ३० ते ३६ अंशांत ठेवतं. साठवलेलं पिष्ट जाळून ऊब करतं. रात्री फूल मिटतं तेव्हा आत अडकलेल्या भुंग्यांना अंथरूण-पांघरूण मिळतं.

मुलांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही म्हणून बंदुकीच्या आकड्याचा फोटो काढून ठेवला.

दहाच्या सुमारास फूल मिटू लागलं.

१३ जुलै

पहाटेपासून पूर्ण उघडं, २३ सेंटीमीटर व्यास. कालपर्यंत मिटलेले पुंकेसर आज पसरले आणि पराग झडतोय. पहिल्या दिवशी फक्त मादी, दुसऱ्या दिवशी नर. स्वतःचे पराग स्वतःला लागू नयेत याची तजवीज. गच्चीवर एकच फूल असेल तर या तजविजीमुळे बी धरणं कठीण.

आई दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवत वर आल्या. हात जोडले नाहीत, वाकून वास घेतला. तोडू का विचारलं तर म्हणाल्या, "आज काय आसा? कशाक तोडतंस?"

दुपारी पाऊस झोडपून गेला. मी छत्री बांधायला धावले, वाऱ्याने छत्री फुलावरच पडली. दोन पाकळ्या गेल्या.

१५ जुलै

रंग फिका, पांढरट. दुपारपर्यंत सगळ्या पाकळ्या खाली, टबाच्या पाण्यात होड्यांसारख्या. उरलं ते हिरवं बोंड.

१७ जुलै, आषाढी एकादशी

आईंनी १५ तारखेलाच पाकळ्या गोळा करून ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या. आज विठ्ठलाच्या तसबिरीसमोर ताटलीत मांडल्या. कडा तपकिरी झाल्या होत्या.

१२ ऑगस्ट

जुलै अखेरचा पाऊस सलग. ऊन नाही. दुसरी कळी वाटाण्याएवढी असतानाच काळी पडली. तिसरी ५ ऑगस्टला, चौथी ६ ऑगस्टला उमलली. एक दिवसाचा फरक पडल्याने संधी साधली: मऊ ब्रशने तिसरीचा पराग चौथीच्या पिवळ्या शंकूवर. चौथीच्या बोंडाला लाल दोरा बांधला. पहिलं बोंड वाळून पोकळ निघालं.

टब २: दोन्ही रोपं उभ्या पानांची झाली, उंची ३० सेंटीमीटर. कळी नाही.

१० सप्टेंबर

गौरी आल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या गच्चीवर. एकीने विचारलं, रात्री फुलतं का? ते ब्रह्मकमळ. आपल्या घरोघरी पानाला फूल येणारं जे ब्रह्मकमळ असतं ते मुळात अमेरिका खंडातलं निवडुंग. दुसरीने विचारलं, कौरव-पांडव यातच असतात ना? ते कृष्णकमळ, तो वेल. कमळ नाव लावणाऱ्यांत कमळ तेवढं एकच आणि त्याला बघायला आलेल्यांना ते फुलाशिवाय ओळखू येईना. फूल नव्हतंच. पाचवी कळी गणपतीच्या चार दिवस आधी उमलून गेली.

२९ सप्टेंबर

चौथीचं बोंड तपकिरी होऊन खाली वाकलं. झारीच्या तोंडासारख्या १७ खळग्यांत १७ बिया. सुटवून पाण्यात टाकल्या. १३ तरंगल्या. चार टणक, काळसर, सरळ तळाला.

२० ऑक्टोबर

नवीन पान तीन आठवड्यांत नाही. जुन्यांच्या कडा तांबूस. खत सप्टेंबरपासून बंद. दिवस लहान होऊ लागले की कमळ वरचं आवरतं आणि खोडाची टोकं जाड करून कंद भरायला घेतं. ऑक्टोबरचं ऊन भरपूर आहे, कळीची जागा आहे, पण त्याचं ठरलंय. मी फेब्रुवारीत उद्देश लिहिताना तारीख पंचांगातून घेतली होती, झाडाला विचारली नव्हती.

आईंना सांगितलं, या दिवाळीला फूल नाही. त्या करंज्यांचं सारण भाजत होत्या. म्हणाल्या, "माका जुलैतच म्हायती होता."

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

मंडईतून कमळाची कळी आणायला निघाले तर आईंनी थांबवलं. माझ्या टेबलावरच्या काडेपेटीतल्या चार बिया त्यांना माहीत होत्या. त्यातली एक मागून घेतली. झेंडू, शेवंती, लाह्या-बत्तासे, केरसुणी, आणि तांदळाच्या राशीवर तो एक काळा कमळगट्टा, भोक न पाडलेला.

पूजा झाल्यावर मी बी परत मागितलं. मिळालं नाही. त्यांच्या पैशाच्या डब्यात गेलं.

१४ डिसेंबर

दोन्ही टबांत वाळके देठ. पाणी चार बोटं ठेवलंय, माती सुकू द्यायची नाही. बाकी काही करायचं नाही. करत नाहीये.

१६ फेब्रुवारी २०२५

वर्षानंतर टब १ उपडा केला. पाच माणसं लागली. खोड कडेकडेने गोल फिरून तीन वेढे घालून बसलं होतं, दोरखंडासारखं. हाताने, कात्री लांब ठेवून, पाइपच्या धारेखाली सोडवलं. कंद ११, त्यातले सात टोक शाबूत असलेले. सगळ्यात जाड कंद मनगटाएवढा. चार मोडके आईंनी चकत्या करून तळले, मीठ-तिखट लावून. चकतीत भोकांचं फूल दिसतं.

टब २ मध्ये तीन कंद, अंगठ्याएवढे. तिन्ही परत त्याच टबात.

सातपैकी दोन टब १ मध्ये, नव्या पोयट्यात, खताशिवाय. दोन शाळेच्या हौदासाठी, मुख्याध्यापकांनी मासे सोडायची अट घातली. एक त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना, ज्यांची माती. दोन ओल्या फडक्यात, मालवणला जाणाऱ्या दिराच्या गाडीत. तळीचा गाळ उपसून आता तिथे पायऱ्या बांधल्यात म्हणे. आईंनी गाडीत बसलेल्या मुलाला खिडकीतून तीनदा बजावलं की टोकाला धक्का लावू नको.

उरलेल्या तीन बिया घासायच्या आहेत. पॉलिश पेपर सापडत नाहीये.